पहिल्या तासाचा कागद

अर्थमिती शिकवते असं म्हटलं की आमच्या कॅम्पात दोन प्रश्न ठरलेले. एक, "म्हणजे काय हो नेमकं?" आणि दुसरा, "मग सोनं कधी उतरणार ते सांगा की!" पहिल्याचं उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देता येत नाही आणि दुसऱ्याचं मला येत नाही. हाय स्ट्रीटवर भेटणाऱ्या ओळखीच्या बायकांनी आता दोन्ही प्रश्न सोडून दिले आहेत. पण दर वर्षी एम. ए.च्या वर्गात जी पंचवीस-तीस मुलं नवी येऊन बसतात, त्यांच्या डोळ्यांत हे दोन्ही असतात, आणि जोडीला तिसरा: "मॅडम, पास व्हायला काय काय करायला लागतंय?"

हा तिसरा प्रश्न मला आवडतो. त्यात आडपडदा नाही. त्याचं उत्तर म्हणून पहिल्या तासाला मी एक कागद वाटते. पाठपोट एकच पान. हजेरी, गृहपाठ, उशीर, कॉपी, कॅल्क्युलेटर, प्रकल्प, गुण, सगळ्याचे नियम त्यावर. कागद इंग्रजीत असतो, समजावणं मराठी-कन्नड-इंग्रजीत मिळून चालतं. झेरॉक्सवाला दर वर्षी विचारतो, "मॅडम, तोच कागद ना?" तोच असतो, फक्त दोन-चार वर्षांनी एखादी ओळ वाढते.

पुष्कळ शिक्षकांना नियम सांगणं म्हणजे कारकुनी वाटते. पहिला तास त्यात वाया जातो, खरा विषय दुसऱ्या तासाला सुरू होतो, असं ते मानतात. इतर विषयांचं मला ठाऊक नाही. अर्थमितीत मात्र नियम एकीकडं आणि विषय दुसरीकडं असं करता येत नाही, असं माझं इतक्या वर्षांचं मत आहे. ते का, हे सांगायचं तर आधी त्या "म्हणजे काय हो"चं उत्तर द्यायला हवं.

घरातली मिळकत वाढली की खाण्यावरचा खर्च वाढतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. कुठलीही आई सांगेल. पण शंभर रुपये वाढले तर त्यांतले खाण्यावर किती जातात? सत्तर की तीस? हे सांगायचं तर घरोघर जाऊन विचारायला हवं. मग प्रत्येक घराचा एक ठिपका आलेखाच्या कागदावर मांडायचा आणि त्या ठिपक्यांच्या गर्दीतून एक रेघ काढायची. कुठली रेघ? ठिपक्यांपासून रेघेपर्यंतची उभी अंतरं घ्या, त्यांचे वर्ग करा, बेरीज करा. ती बेरीज जिच्यामुळं कमीत कमी येईल ती रेघ. ही रीत लेजांद्र नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८०५ साली छापली ती धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. पुढं ती माणसांच्या व्यवहाराला लागली. १९२६ साली नॉर्वेच्या रॅग्नर फ्रिशनं अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र अशा तिघांना एका पंगतीत बसवून त्या पंगतीला नाव दिलं, त्यालाच आपण मराठीत अर्थमिती म्हणतो. १९६९ साली अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल फ्रिश आणि हॉलंडचे टिनबर्गन यांना मिळून मिळालं ते याच कामासाठी.

गंमत पुढंच आहे. रेघ कितीही चांगली काढा, बहुतेक ठिपके तिच्यावर नसतातच. कुठलं वर, कुठलं खाली. का? एका घरात आजारपण निघालं. दुसऱ्या घरी त्या महिन्यात पाहुणे आले. तिसऱ्या घरी दशलक्षण पर्वातले उपास होते, किराणा निम्म्यावर आला. हे सगळं मी विचारलेलं नव्हतं, म्हणून माझ्या समीकरणात नाही. पण ते आहे, हे मला कबूल करावं लागतं. म्हणून समीकरणाच्या शेवटी एक अक्षर येतं, यू. म्हणजे आम्हाला न कळलेलं सगळं. ज्या शास्त्रात आपल्याला न कळलेल्याची जागा समीकरणातच राखून ठेवावी लागते, त्याचे नियम तरी दुसरे काय असणार!

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाबद्दल एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी जैन तत्त्वज्ञानातला स्याद्वाद घेतला आणि त्याची सात प्रकारची विधानं संभाव्यतेच्या विचाराशी कशी जुळतात ते दाखवलं. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा प्रवचनात लहानपणापासून कानावर पडलेला 'स्यात्' संख्याशास्त्राच्या नियतकालिकात भेटला म्हणून हरखून गेले होते. लोक 'स्यात्'चा अर्थ 'कदाचित' असा घेतात. तो तसा नव्हे. 'एका अपेक्षेनं' असा तो आहे. मी कुठं उभी राहून, काय धरून बोलते आहे ते आधी सांगते, मग बोलते. वर्गात मी धर्म शिकवत नाही, पण गृहीतकं आधी लिहा असं सांगताना मला हे आठवतं.

आता कागदाकडं.

पहिला नियम हजेरीचा. ७५ टक्क्यांची अट वरून आलेली, ती मी नुसती मोजते. माझी अट वेगळी आहे: बस चुकली तर उशिरा या, पण या, आणि मागच्या दारानं गुपचूप येऊन बसा. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, चारी बाजूंची मुलं. कुणी पहाटे धारा काढून येतं, कुणी भावाला शाळेत सोडून. त्यांना दारात उभं करून मी काय मिळवणार? पण न येणं परवडत नाही, कारण हा विषय वीटकामासारखा आहे. खालचा थर नसला तर वरचा बसत नाही. कादंबरीचं मधलं प्रकरण गाळून चालतं, इथं नाही.

दुसरा, गणिताचा. "मॅडम, आमचं गणित कच्चं हाय" हे वाक्य दर वर्षी कुणीतरी बोलतंच, आणि बाकीचे माना हलवतात. दहावीनंतर गणिताशी काडीमोड घेतलेली मुलं ही. कागदावर मी लिहून टाकलंय की एवढंच लागेल: बेरजेची खूण सिग्मा, सरासरी, सरासरीपासून आकडे किती पांगलेत ते मोजणं, आणि पुढं थोडे मॅट्रिक्स. पहिले दोन आठवडे तेवढंच. भिशीत बोली लावताना कुणाच्या वाट्याला किती येतात हे तोंडी सांगणाऱ्या पोरींना सिग्मा जड जाऊ नये. जड जाते ती इंग्रजी पुस्तकाची जाडी. पुस्तक दामोदर गुजरातींचं, १९७८ साली पहिल्यांदा आलेलं. मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेल्या या गृहस्थांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अर्थशास्त्र शिकवलं. घरं मराठा लाइट इन्फंट्रीच्या शेजारी असल्यामुळं असेल, लष्करी शाळेतला मास्तर म्हटल्यावर कॅम्पातल्या मुलांना जरा आपलेपणा वाटतो. वर्गात पुस्तकाचं नाव नुसतं 'गुजराती'. "गुजराती आणलास काय रे?" असं व्हरांड्यात ऐकू आलं तर कुणी गैरसमज करून घेऊ नये.

तिसरा नियम चार ओळींचा, आणि तो मुलांना सगळ्यांत विचित्र वाटतो. प्रत्येक गृहपाठाच्या शेवटी, आपण काय काढलं ते घरच्या भाषेत चार ओळींत लिहायचं. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, काही चालेल. त्या चार ओळी घरातल्या कुणालातरी वाचून दाखवायच्या आणि खाली त्यांची सही आणायची. "मॅडम, आम्ही काय शाळेत आहे काय?" असं दर वर्षी एकजण तरी म्हणतो. मी म्हणते, शाळेत प्रगतिपुस्तकावर सही आणत होतास, ती तुझी परीक्षा होती. ही माझ्या विषयाची परीक्षा आहे. घरच्याला चार ओळींत सांगता आलं नाही तर एक तर तुला कळलेलं नाही किंवा त्या आकड्यात सांगण्यासारखं काही नाही.

चौथा, गृहपाठ मिळून सोडवा, पण लिहा एकट्यानं. कुणाची मदत घेतली त्यांची नावं वर लिहा. नाव लिहिल्यानं गुण जात नाहीत, न लिहिल्यानं जातात. पाचवा, उशिराचा. मुदत वाढवून मिळेल, मात्र मुदत संपायच्या आधी मागायची, आणि कारण सांगायचं. मुदत संपल्यावर आलेलं कितीही खरं कारण मी ऐकून घेते, गुण देत नाही. यावरून मला कडक म्हणतात. म्हणू देत. आधी मागणारा माणूस आपल्या कामाकडं वेळेत बघतो, एवढंच मला हवं असतं.

सहावा नियम आकड्यांचा. त्याच्या तीन ओळी आहेत. आकडा कुठून आला ते लिहा. मोजणीचा घटक कोणता ते लिहा. आणि एकही आकडा कारण सांगितल्याशिवाय वगळू नका, एकही आकडा मनानं घालू नका.

घटक ही गोष्ट आमच्या भागात समजावून सांगावी लागत नाही. सीमावादात आमच्या आधीच्या पिढ्या यावरच भांडल्या. पाटसकर सूत्र म्हटलं की 'खेडं हा घटक' हे इथल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. खेडं घटक धरलं तर नकाशावरची रेघ एकीकडनं जाते, तालुका किंवा जिल्हा धरला तर दुसरीकडनं. जनगणना तीच, माणसं तीच, त्यांची भाषा तीच. घटक बदलला की बहुसंख्या बदलते. वर्गात मराठी मुलं असतात तशी कन्नडही असतात. कुणाचं बरोबर हे मी तिथं काढत नाही. पण दोन्हीकडच्या मुलांना घटक ठरवणं म्हणजे निम्मा निकाल ठरवणं आहे, हे एका क्षणात पटतं.

वगळण्याचंही तसंच. एक मुलगा तंबाखूच्या भावाची जुनी वर्षं घेऊन बसला होता. एक वर्ष रेघेपासून फार लांब पडत होतं, ते त्यानं 'चुकीचं असणार' म्हणून खोडलं. वर्ष होतं १९८१. निपाणीच्या माणसाला ते वर्ष विचारून बघा. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्गावर ठिय्या दिला होता, आणि ६ एप्रिलला गोळीबार होऊन त्यात शेतकरी मारले गेले. ते वर्ष खोडून काढलं तर रेघ सरळ येईल, पण ती कुठल्या गावची असेल? मुलानं ते परत घातलं आणि खाली टीप लिहिली.

आणि सगळं लिहून ठेवलं की भांडताही येतं. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचं आपलं काम पुस्तकरूपानं मांडलं. माणशी रोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या घराला झेपत नाही ते गरीब, असं त्यांनी धरलं. पुढं पां. वा. सुखात्मे म्हणाले, एकाच माणसाचं खाणं रोज कमीजास्त होतं, शरीर ते सावरून घेतं; सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी धरणं बरोबर नाही. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघेही पट्टीचे संख्याशास्त्रज्ञ. वाद वर्षानुवर्षं चालला आणि तो चालू शकला, कारण २२५० हा आकडा कुठून घेतला आणि काय धरून घेतला, हे कागदावर होतं. त्या वादाच्या पोटी देशातले किती लोक उपाशी मोजायचे हा प्रश्न होता. आकडा लपवला असता तर सुखात्म्यांना बोट ठेवायलाच जागा नव्हती.

एवढं सगळं पहिल्या तासाला ऐकून मुलं माना डोलावतात. नियम खरा किती ते कळतं शेवटच्या सत्रात, प्रकल्पाच्या वेळी.

निपाणीजवळच्या एका खेड्यातली मुलगी होती. आई आणि आजी बिड्या वळणाऱ्या. वर्गात मी कार्ड आणि क्रूगर यांचं काम शिकवलं होतं. १९९२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची बर्गर विकणारी हॉटेलं घेतली आणि वेतन वाढल्यामुळं नोकऱ्या कमी झाल्या का ते पाहिलं. पुस्तकं सांगत होती, होणार. त्यांना झालेल्या दिसल्या नाहीत. डेव्हिड कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा आहे. क्रूगर तोवर गेले होते.

तास संपल्यावर ही मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, आमच्याकडं हेच हाय की! आमचा ओढा ओलांडला की महाराष्ट्र." खरंच आहे. निपाणी गाव आणि पेठ कर्नाटकात, आणि निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. बिडीचं किमान वेतन प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं, हजार बिड्यांमागं इतके, असं. तंबाखू तीच, पान तेच, वळणारे हात सारखेच, सरकारं दोन. कागदावरच्या दरातला फरक बायकांच्या हातात पोचतो का, हा तिचा प्रश्न. मी इतकी वर्षं शिकवते, इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनी आणला. माझ्या आजोळी तंबाखूची वखार होती. वजनाच्या काट्याची एक बाजू मी लहानपणापासून पाहिलेली. दुसरी बाजू या मुलीच्या फॉर्मांतून दिसणार होती, म्हणून मलाही उत्सुकता होती.

तिनं अलीकडची तीस आणि पलीकडची तीस घरं केली. महिनाभर पायपीट. आकडे मांडले, रेघ काढली. दोन्ही बाजूंच्या दरांत फरक दिसत होता, पण घराघरांतला चढउतार इतका होता की तो फरक खरा की योगायोगाचा हे सांगता येईना. आमच्याकडं यासाठी 'टी' नावाची कसोटी आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करणाऱ्या गॉसेटनं १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावानं ती छापली. ढोबळमानानं टी दोनाच्या पुढं गेला की आकड्यावर तारा लावायचा. हिचा टी एकाच्या आसपास घुटमळत होता.

जमा करायला दोन दिवस राहिलेले. ती आली. "मॅडम, तारा येईना." कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की ताऱ्याशिवाय प्रकल्प पास होत नाही. प्रकल्प टाइप करून देणारी दुकानं असतात, तिथं आकड्यांसकट तयार प्रकल्पही मिळतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. हिला तसलं काही नको होतं. हिचं म्हणणं वेगळं होतं. "आणखी वीस फॉर्म भरले की तारा येतोय. घरी बसून भरतो की. बायका काय उत्तर देणार मला ठाऊकच हाय. माझी आईच हाय त्यात."

हे ऐकायला सोपं, उत्तर द्यायला अवघड आहे. शहरातल्या एखाद्या मुलानं असं म्हटलं असतं तर मी उभं करून झापलं असतं. हिला खरंच ठाऊक होतं. त्या घरांत ती जन्मलेली. माझ्या नियमापेक्षा तिची माहिती मोठी होती.

मी म्हटलं, "तुला ठाऊक आहे ते मला मान्य आहे. मग साठ घरं का फिरलीस? घरी बसूनच साठ भरायचे होतेस." ती काही बोलली नाही. मग मी विचारलं, "चार ओळी वाचून दाखवलीस आईला?" नव्हत्या दाखवल्या. आईच्याच कामावर लिहिलेलं आईला कसं वाचून दाखवायचं, म्हणून लाजली होती. मुदत संपायला दोन दिवस होते, तिनं ती वाढवून मागितली, मी दहा दिवस दिले. नियमात बसत होतं.

चौथ्या दिवशी ती परत आली तेव्हा चेहरा निराळा होता. आईनं हातातलं सूप खाली न ठेवता चारही ओळी ऐकून घेतल्या होत्या आणि म्हणाली होती, "हजाराचा दर विचारलीस ते बरोबर. पण हजार भरायला किती वळाव्या लागतात ते कुठं विचारलीस? आणि कार्ड माझ्या नावावर, वळतो आम्ही तिघी. ते कुठं लिहिलीस?"

तिघींत ही स्वतः धरलेली होती.

मुलगी पुन्हा सगळी घरं फिरली. आता तीन प्रश्न नवे: किती जणींचे हात लागतात, खराब म्हणून किती बिड्या बाजूला काढल्या जातात, आणि आठवड्यातून किती दिवस पान-तंबाखू मिळते. आठ घरं कुलूपबंद मिळाली किंवा बोलायला तयार झाली नाहीत. तिनं ती वगळली आणि 'आठ घरं दुसऱ्या फेरीत मिळाली नाहीत' असं लिहिलं. उरली बावन्न. दराच्या फरकावर तारा तेव्हाही आला नाही. पण तिच्या बावन्न घरांपुरतं एवढं स्वच्छ दिसत होतं की ओढ्याच्या अलीकडं काय नि पलीकडं काय, बाईच्या हातात किती पडतात हे सरकारी दरापेक्षा बाजूला काढलेल्या बिड्यांवर आणि पान न आलेल्या दिवसांवर जास्त ठरत होतं. जो आकडा कायद्यात लिहिलाय तो ती मोजायला गेली होती. जो लिहिलेला नाही तो तिच्या आईनं दाखवला. घरी बसून वीस फॉर्म भरले असते तर जुन्याच प्रश्नाची वीस उत्तरं वाढली असती, आणि तारा आला असता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकल्प चाळला. "सिग्निफिकंट काहीच नाही?" एवढं विचारलं. त्यांनी जे गुण दिले त्यांत तिची वरची श्रेणी थोडक्यात हुकली. त्याच दिवशी पानापानावर तारे असलेला एक प्रकल्प, ज्याच्या फॉर्मांचा गठ्ठा कुणी पाहिलेला नव्हता, तिच्यापेक्षा वर गेला. मी लेखी टिपण दिलं. निकाल बदलला नाही. ती म्हणाली, "असू दे मॅडम." मला ते असू देता आलं नाही.

कारण इथं नियमाचाच प्रश्न होता. खरं लिहा असं आपण सांगायचं आणि खरं लिहिणाऱ्याला कमी गुण पडू द्यायचे, हे चालणार नाही. मग पोरं नियम ऐकतील आणि दुकानात जातील. शहाणी पोरं आधी जातील. हे दुखणं आमच्यापुरतं नाही. मोठमोठ्या नियतकालिकांतही तारे असलेले लेख पुढं जातात, बिनताऱ्यांचे कपाटात राहतात. शेवटी २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला निवेदन काढून बजावावं लागलं की एवढ्या एका कसोटीवर निष्कर्ष बांधू नका. मी आमच्या बैठकीत विषय काढत राहिले. दोन वर्षं लागली. आता प्रकल्पाचे गुण आधी वाटलेले असतात आणि बाहेरच्या परीक्षकाला तो तक्ता आधी दिला जातो: प्रश्न कसा मांडला, आकडे कसे जमवले, काय वगळलं आणि ते सांगितलं का, यांना मिळून निम्म्याहून जास्त. आणि माझ्या कागदावर एक ओळ वाढली: तारा न येणं हेही उत्तर आहे, त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

अलीकडं आणखी एक ओळ घालावी लागली, चॅटजीपीटीची. मुलं विचारतात, "वापरलं तर चालतंय काय?" मी बंदी घातलेली नाही, कारण बंदी पाळली जाते का ते मला मोजता येणार नाही. चौथाच नियम लावला आहे: मदत घेतली तर वर नाव लिहा, आणि बोलावलं की फळ्यावर येऊन समजावून सांगा. यंत्र समीकरण सोडवून देतं, चार ओळी पण सुंदर लिहून देतं. बावन्न घरं फिरत नाही. बाजूला काढलेल्या बिड्या किती, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ते सांगणारी बाई सूप घेऊन ओट्यावर बसलेली आहे.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं पुढं अर्थमिती करत नाहीत. बँकेत जातात, स्पर्धा परीक्षा देतात, शाळेत लागतात, काही जणी लग्न होऊन सांगली-कोल्हापूरकडं जातात आणि तिथल्या बचतगटाच्या वह्या सांभाळतात. टी आणि एफ विसरून जातात, आणि विसरावंच. कुणी आकडा सांगितला की, कुणी मोजलं, घटक कोणता आणि काय वगळलं, एवढं विचारायची खोड राहिली तरी माझं काम झालं. ग्रामपंचायतीच्या सभेतही हे तीन प्रश्न चालतात.

चार ओळींखालच्या सह्या मी नीट बघते. बऱ्याच इंग्रजीत असतात, काही मोडक्या मराठीत, कन्नडात, क्वचित अंगठा. काही वडील न वाचताच सही ठोकतात, तेही ओळखू येतं. गेल्या वर्षी एका वहीत सहीच्या वर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'दुसरी ओळ कळली नाही.' मी तो गृहपाठ तपासला नाही. दुसरी ओळ पुन्हा लिहून, पुन्हा वाचून दाखवून आण, म्हणून वही परत दिली.